पांगाऱ्याचा मासा

विळ्यानं जलपर्णीची मुळं कापत मी तराफ्यावर पालथी पडले होते आणि काठावरून आबा ओरडत होते, खिडकी मोठी कर, पाव्हण्याला नीट दिसलं पाहिजे. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. खिडकी मोठी केली की उजेड आत शिरतो, आणि उजेड शिरला की मरळीसारखी सावध मासळी लांबूनच वळते, हे मला आबांनीच शिकवलेलं. एवढी साधी गोष्ट ते कसे विसरले याचं नवल वाटलं, पण पाव्हणे यायचे म्हटल्यावर माणूस बावचळतं, असं म्हणून मी सोडून दिलं.

आमचं गाव धरणाच्या फुगवट्यावर. जात भोयाची, पोट पाण्यावर. दिवाळी झाली की वरच्या शहरांची घाण खाऊन माजलेली जलपर्णी आमच्या काठाला येऊन थापली जायची, इतकी दाट की जाळं टाकायला जागा उरायची नाही. बाकीचे कपाळाला हात लावून बसायचे. आबा मात्र त्या हिरव्या गादीत विळ्यानं पाटाएवढं भोक पाडायचे, डोक्यावरून घोंगडं घेऊन तराफ्यावर पालथे पडायचे आणि खाली बघत राहायचे. घोंगड्याखाली अंधार झाला की पाणी आतून उजळतं, तळाचा शिंपला न् शिंपला दिसतो. त्या भोकाला आम्ही खिडकी म्हणायचो. खिडकीत भुलवणी सोडायची. तिला खायला मरळ आली की पाच दातांची भाल्यासारखी बरची डोक्यामागं बसवायची. सांगायला सोपं आहे. बसून बघा म्हणजे कळेल.

भुलवणी दोन तऱ्हेची. एक जिवंत, म्हणजे चिलापीचं बोटभर पोर. त्याच्या पाठीच्या कातड्यातून सुईनं दोरा ओवायचा आणि पाण्यात सोडायचं. ते धडपडतं, ती धडपड मरळीला लांबून कळते. पण दोरा कातडं कापतो, मासा घटकाभरात मरतो, आणि मेल्या माशाकडं मरळ ढुंकून बघत नाही. परकरात होते तेव्हाच मी यावर तोड काढली होती. दोरा आणि कातडं यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा घालायचा. मग मासा दिवस मावळेपर्यंत जगतो, आणि संध्याकाळी सोडून दिला तर पोहत निघून जातो. आबांना ते इतकं आवडलं की त्यांच्या चंचीत तंबाखूशेजारी रबराचे तुकडे कायमचे राहायला आले. अख्ख्या फुगवट्यात ही युक्ती आम्हा दोघांनाच ठाऊक होती. आबा म्हणायचे, कुणाला सांगू नको हौसे, ही आपल्या घरातली आहे.

दुसरी भुलवणी लाकडाची. ती माझी. पांगाऱ्याच्या लाकडाचा मासा मी स्वतः कोरला होता. पोटात शिसं ओतलं, डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून पर लावले, आईच्या तुटलेल्या माळेतले दोन मणी डोळ्यांना बसवले. शेपटीचा पत्रा किती वाकवायचा यात माझे दोन हिवाळे गेले. कमी वाकवला तर मासा दगडासारखा लोंबतो, जास्त वाकवला तर भिंगरीसारखा फिरतो. शेवटी जमलं. दोरा जरा उचलला की माझा मासा एक संथ गोल फेरी मारायचा आणि थांबायचा. एकदा बगळ्यानं त्याला टोचलं होतं, ती खूण त्याच्या पाठीवर आहे.

त्या सकाळी या माशावर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि तेही माझ्याच तोंडानं.

झालं होतं असं, की आधीची दोन स्थळं मी नाकारली होती. एकजण बघायला आला तो सबंध वेळ स्वतःच्या मोटारसायकलबद्दल बोलला. दुसऱ्यानं आईला विचारलं, पोरगी पाण्यावर जायचं बंद करेल ना? दुसऱ्या वेळी आबांनी हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. मग आमच्या भावकीतले जाणते तात्याबा मध्ये पडले, आणि त्यांच्यासमोर मी शब्द दिला. जो माझ्या खिडकीत, माझ्या लाकडी माशावर मरळ मारेल त्याला मी नाही म्हणणार नाही. नाही मारली, तर मात्र माझ्या लग्नाचा विषय माझ्यापुढं पुन्हा कुणी काढायचा नाही, मला वाटेल तेव्हा मीच काढीन.

लोक हसले. पण माझा हिशोब सरळ होता. ज्या माणसाला सकाळभर गप्प पडून पाण्यात बघता येतं, त्याच्याशी संसार करता येतो. ज्याला येत नाही तो मोटारसायकलबद्दल बोलतो. आबांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून, पाण्यावर हात ठेवून ते कबूल केलं. आमच्यात पाण्यावर हात ठेवून बोललेलं माणूस मोडत नाही. निदान मी तोवर तसं धरून चालले होते.

पाव्हणे जीपनं आले. नवरामुलगा अंकुश, खालच्या अंगाच्या गावचा, जाळ्यावर काम करणारा. दिसायला बरा होता, उगाच दात काढत नव्हता. बरोबर त्याचे मामा, तुळशीराम. घरात वडील नव्हते म्हणून सगळा कारभार मामांचा, आणि मामा असे की खुर्चीवर बसले तरी खुर्चीला उपकार वाटावेत. आबांची आणि त्यांची जुनी ओळख. तात्याबाही येऊन बसले. चहा झाला. मी आबांना लाकडी मासा दिला तेव्हा अंकुशनं तो मागून घेतला, उलटापालटा करून बघितला, शेपटीच्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हा कुणी केला? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, झ्याक झालाय. एवढंच. खरं सांगते, तेवढ्या एका शब्दावर मी मनातल्या मनात म्हटलं, मार बाबा मरळ, तुला आली तर माझी ना नाही.

बरची मारणारा एक आणि भुलवणी हलवणारा एक, असे दोघं तराफ्यावर जातात. भुलवणी मी हलवणार असं मी धरून चालले होते. आबा म्हणाले, लोकं म्हणतील पोरीनं मुद्दाम वाकडी हलवली, मी बसतो. ते मला पटलं. पटायलाच हवं होतं असं त्यांनी ते सांगितलं होतं. अंकुश घोंगड्याखाली पालथा पडला, आबा तराफ्याच्या टोकाला दोरा धरून बसले, आणि आम्ही सगळे काठावर.

थंडी होती. थंडीत मरळ सुस्त असते, तळ सोडत नाही. मी कितीदा पूर्ण सकाळ रिकामी काढलेली. म्हणून म्हटलं, ऊन चढेपर्यंत तरी काही होत नाही. आणि तेवढ्यात घोंगडं हललं, बरचीचा दांडा खाली गेला, आणि अंकुश गुडघ्यावर उठला तो दातांवर हातभर मरळ घेऊन. काठावर एकच गलका. मामांनी तात्याबांच्या पाठीवर थाप मारली. आबांनी पाण्यात हात घालून विळ्यानं काहीतरी कापलं, मला वाटलं जलपर्णीचं मूळ अडकलं असेल. अंकुशचा चेहरा लहान पोरासारखा उजळला होता. त्यानं काठावर येऊन मरळ माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, आयुष्यात पयली मारली.

मला आनंद झाला होता. हे सांगायला मला अजून लाज वाटत नाही. राग येतो, पण लाज वाटत नाही.

आबा म्हणाले, हौसे, साफ कर, पाव्हण्यांना कालवण तुझ्या हातचं होऊ दे. मी मरळ दगडावर घेतली आणि पाठीवरून राख चोळली. बोटाला काहीतरी लागलं. मी राख पुसली. पाठीच्या परापुढं, कातड्यातून ओवलेला, नायलॉनचा तोकडा दोरा. तुटका नव्हे, कापलेला. आणि दोरा आणि कातडं यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा.

मी मरळीचं पोट चिरलं. आत काही नव्हतं. रानातल्या मरळीच्या पोटात बेडूक असतो, मासा असतो, काहीतरी असतं. ही बांधून ठेवलेली होती, उपाशी. डाव्या अंगाचे खवले दगडाला घासून गेले होते. म्हणजे जलपर्णीखाली दगडाला बांधलेली मरळ, एका हातानं माझा पांगाऱ्याचा मासा नाचवायचा आणि दुसऱ्या हातानं लपवलेला दोरा ओढून तिला खिडकीत आणायची. मग मला खिडकीही आठवली. मोठी कर म्हणत होते ते. मरळ यायची काळजीच नव्हती त्यांना, नवख्या पाव्हण्याचा नेम चुकायची होती.

हातात मरळ तशीच धरून, राखेच्या हातांनी, मी पाव्हण्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि ती तात्याबांच्या पुढ्यात टाकली. म्हटलं, ही मरळ मारलेली नाही, बांधलेली होती.

मामांनी अंकुशकडं बघितलं, अंकुशनं माझ्याकडं. तो म्हणाला, म्या तर बांधली न्हाई. मी म्हटलं, तुम्ही नाही बांधली. आणि आबांकडं वळले.

आता वाटतं, त्या वेळी ते नुसतं होय म्हणाले असते तर मी काय केलं असतं? रडले असते, भांडले असते, दोन दिवस जेवले नसते आणि तिसऱ्या दिवशी जेवले असते. पण आबा मरळीकडं वाकले, दोरा बघितला आणि म्हणाले, कुणाच्या तरी जाळ्यातून सुटलेली असंल, अडकला असंल दोरा. सगळ्यांच्या समोर. माझ्याकडं न बघता.

तात्याबांनी मान डोलावली. सुटतात मासे जाळ्यातून. मामा हसून म्हणाले की पोरगी बोलायला हुशार आहे, पण शब्द दिला की दिला, खिडकी तिची, भुलवणी तिची, मरळ तर समोर पडलीय. आता पाय मागं घेतला तर भावकीत तोंड कुठं दाखवणार? आणि सासरी असली हुशारी चालत नाही, हेही त्यांनी जाता जाता सांगून टाकलं. मी दोऱ्यातलं रबर दाखवत होते, पण रबराचा अर्थ त्या काठावर दोघांनाच कळत होता, एक मी आणि एक तोंड शिवून बसलेला माझा बाप. लोकांच्या लेखी मी शब्द फिरवणारी पोरगी झाले होते. लग्न राहिलं बाजूला, मी खोटी ठरत होते, आणि मला खोटी ठरवणारा माणूस खाली बघून तंबाखू मळत होता.

आई माझा दंड धरून आत ओढायला लागली. मी दंड सोडवला, पडवीतून जिवंत चिलापींची बादली आणली, सुई-दोरा आणला, आणि सगळं आबांपुढं आदळलं.

“आबा,” मी म्हटलं, “रोज बांधतोस तशी एक बांधून दाखव. या सगळ्यांच्या समोर.”

त्या दिवसापर्यंत मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आईनं तोंडावर पदर धरला. मामा म्हणाले, हा काय तमाशा. तात्याबांना मात्र मजा वाटली असावी. ते म्हणाले, बांध की लिंबाजी, भोयाला मासा बांधायला काय लागतंय.

आबांना सोपं होतं. दोरा ओवायचा, गाठ मारायची, संपलं. सगळा फुगवटा तसाच बांधतो. रबर न घालता बांधली असती तर मी जन्माची खोटी ठरले असते, आणि ते त्यांनाही कळत होतं. त्यांनी बादलीत हात घातला. एक पोर धरलं, तळहातावर उताणं करून परत सुलटं केलं. सुई परापुढं घातली, दोरा ओढला. चिलापी त्यांच्या मुठीत थरथरत होती.

मग त्यांचा उजवा हात कमरेला गेला. चंचीचा बंद सुटला. दोन बोटं तंबाखूच्या बाजूच्या कप्प्यात गेली आणि रबराचा तुकडा घेऊन बाहेर आली. तो त्यांनी दोऱ्याखाली सरकवला, नेहमीसारखा, नखानं दाबून, आणि गाठ मारली.

अंकुश उठून आला. त्यानं आधी आबांच्या मुठीत बघितलं, मग खाली पडलेल्या मरळीचा दोरा बघितला. दोन्हीकडं तेच रबर, तीच गाठ. त्याचा चेहरा उतरला तो मी विसरणार नाही. “म्हंजे मला बांधलेला मासा मारायला लावला,” तो आबांना म्हणाला, आणि मामांकडं वळून, “मामा, उठा.”

मामा उठायला तयार नव्हते. ते म्हणायला लागले, अरे मासा तो मासा, बांधलेला काय न् सुटलेला काय, घरातल्या घरात मिटवू. अंकुश त्यांची वाट न बघता जीपमध्ये जाऊन बसला. जाताना त्यानं बरची उचलून भिंतीला नीट उभी करून ठेवली. मामा खुर्चीवर एकटे किती बसणार? गेले. तात्याबाही चप्पल शोधत शोधत गेले, आणि जाताना आबांना म्हणाले, लिंबाजी, पाण्यावर हात ठेवला हुतास की रं.

उरलो आम्ही तिघं. आबांच्या हातात ती चिलापी अजून तशीच होती.

ते म्हणाले, “हौसे, थंडीत मरळ आली नसती गं. तिसरं स्थळ रिकाम्या हातानं गेलं असतं. मी गेल्यावर तुला कोण हाय?”

“मरळ नसती आली तर नसती आली,” मी म्हटलं. “मी घरी राहिले असते, पण खरी राहिले असते. आणि ती मरळ बरचीनं मरायचीच होती आबा. तिला दुखू नये म्हणून तू रबर लावलंस. मला दुखंल, असं तुला एकदाही वाटलं नाही?”

आबा उठून पाण्यापाशी गेले, चिलापीचा दोरा कापला आणि तिला सोडून दिलं. मरळ मी मांजरांना टाकली. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.

माझ्या लग्नाचा विषय त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही. एवढं मात्र आबांनी पाळलं. अंकुश परत आला का, असं ऐकणाऱ्या बायका हमखास विचारतात. नाही आला. त्याच्यावर माझा राग नाही. पुढं मी लग्न केलं ते माझ्या मनानं, एका बसकंडक्टरशी. त्याला पोहतासुद्धा येत नाही, पण घोंगड्याखाली माझ्या शेजारी गप्प पडून तो सकाळ काढू शकतो. खिडकी अजून मीच पाडते. पांगाऱ्याचा मासा अजून तीच संथ फेरी मारतो, फक्त एक मणी बदलला.

आबा नंतर बरीच वर्षं होते. डोळे गेल्यावर काठावर बसून कात्रीनं ट्यूबचे तुकडे कापून माझ्या डब्यात भरत राहायचे, गरज नसली तरी. मी डबा घ्यायचे. बोलायचे, जेवायला वाढायचे, दवाखान्यात न्यायचे. ते एकदाच म्हणाले, हौसे, त्या दिवशीचं... मी म्हटलं, जेवा आता. मला ऐकायचं नव्हतं. कारण त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी मला रागच आला असता. त्यांचा हात त्या दिवशी सवयीनं चंचीत गेला असेल, तर माझ्यापेक्षा बोटभर माशाची काळजी त्यांच्या हाताला जास्त होती. आणि मुद्दाम गेला असेल, माझ्यासाठी गेला असेल, तर मग जे हातानं सांगितलं ते आधी तोंडानं का नाही सांगितलं?

डबा अजून अर्धा भरलेला आहे. मी तेच तुकडे वापरते.